पावसाचा हिशोब आधी: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या घरात सोलर बॅकअप बसवतानाचा माझा अनुभव

सोलर बसवलं म्हटलं की लोक पहिलं विचारतात, बिल किती वाचलं? आम्ही ते बिलासाठी बसवलेलंच नाही. गोव्यात घरगुती विजेचा दर तसा कमीच आहे, पुण्याच्या नणंदेचं बिल बघितलं की लगेच कळतं. आम्हाला हवं होतं ते एवढंच, की पावसात लाइट गेली तर रात्र नीट निघावी आणि दुसऱ्या दिवशीही नाही आली तरी घर चालावं.

आमचं घर वाळपईच्या पुढे, वाड्याच्या टोकाला. लाइन येते ती कुळागरं (माडा-सुपारीच्या बागा) आणि रानातून, त्यामुळे जूनमध्ये वारा सुटला की कुठेतरी फांदी नाहीतर अख्खं झाड तारेवर येतंच. लाइनमन बिचारे भर पावसात खांबावर चढतात, त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, पण सत्तरीतला पाऊस आणि रान बघता वेळ लागणारच. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा तर गोवाभर झाडं पडली, खांब मोडले, बऱ्याच गावांत कितीतरी वेळ काळोख होता. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, नेब्युलायझर (औषध वाफेसारखं ओढायचं मशीन) लागतो, आणि तो नेमका अशाच ओल्या हवेत रात्रीबेरात्री लागतो. तौक्तेच्या वेळी घरात जुना इन्व्हर्टर होता, पण इन्व्हर्टर म्हणजे शेवटी वीज खात्याच्या लाइनवर भरलेली बॅटरी. एकदा ती उतरली आणि लाइन आलेलीच नाही, तर ती भरणार कशी? त्या वेळी आईंना, म्हणजे सासूबाईंना, गाडीत बसवून नेब्युलायझरसाठी वाळपईला न्यावं लागलं, रस्त्यात झाडं आडवी. तेव्हापासून हे डोक्यात होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, कारण याबाबतीत फार लोक फसतायत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तिच्यात १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार सबसिडी. योजना चांगली आहे, पण ही सबसिडी ग्रिडला, म्हणजे वीज खात्याच्या लाइनला, जोडलेल्या सोलरला मिळते, आणि साधं, बॅटरी नसलेलं ऑनग्रिड सोलर लाइट गेली की स्वतःही बंद पडतं. डोक्यावर रणरणतं ऊन असलं तरी बंद! ते बिघडलेलं नसतं, मुद्दाम तसंच बनवलेलं असतं. लाइन दुरुस्त करायला माणूस खांबावर चढलाय आणि तुमच्या छपरावरून करंट उलटा तारेत गेला तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून ग्रिड गेला की इन्व्हर्टरने थांबायचं असा नियमच आहे. एका दुकानात मला छातीठोकपणे सांगितलं की बाई, एकदा सोलर लावलं की लाइट गेलेली तुम्हाला कळणारसुद्धा नाही, आणि कोटेशन हातात दिलं त्यात बॅटरीचा उल्लेखच नाही. मी कोटेशन तिथेच परत केलं. बॅकअप हवा असेल तर बॅटरी हवीच, मग ते ऑफग्रिड (लाइनला वीज न देता आपल्याच बॅटरीवर चालणारं) घ्या नाहीतर हायब्रिड (लाइनलाही जोडलेलं आणि बॅटरीही असलेलं).

मग आम्ही वही घेऊन बसलो. कुठला पॅनल, कुठली कंपनी हे नंतर, आधी रात्रीला लागतं किती ते. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा साधारण ३०. दोन पंखे नऊ तास चालवले तर साध्यांना तेराशे-साडेतेराशे वॅट-अवर लागतात, बीएलडीसीला ५४०. म्हणजे नुसते पंखे बदलले तरी जवळजवळ एका बॅटरीचं काम झालं! दोन पंख्यांना मिळून सहा हजार गेले आणि एवढे सार्थकी लागलेले पैसे या सगळ्या खर्चात दुसरे नाहीत. पुढे ९ वॅटचे चार एलईडी पाच तास म्हणजे १८०, वायफाय १५०, मोबाइल ६०, नेब्युलायझर दोन वेळा मिळून १००. बेरीज १०३० झाली, वर इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून १२५०, म्हणजे सव्वा युनिट.

आता गोव्याची खरी गोम. एरवी १ किलोवॅटचे पॅनल दिवसाला चारेक युनिट देतात, दुकानदार तोच आकडा सांगतात आणि तो खोटा नाही. पण आपल्याकडे लाइट जाते कधी? पावसात. आणि पावसात ऊन कुठलं! आभाळ गच्च भरलेलं असेल तर तेच पॅनल पाव भाग, कधी त्याहून कमी देतात. मग उन्हाळ्याच्या हिशोबाने साडेतीनशे वॅटचा एक पॅनल घेतला तर मेमध्ये सगळं झकास दिसणार आणि जुलैत, नेमकं गरजेला, बॅटरी अर्धीसुद्धा भरणार नाही. आम्ही उलटा हिशोब केला. रात्रीला सव्वा युनिट हवं, आणि त्यातलं युनिटभर तरी आभाळ असतानाही यायला हवं, म्हणजे निदान १ किलोवॅट पॅनल पाहिजेच. म्हणून ५४० वॅटचे दोन घेतले. बॅटरी १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-अवरच्या) दोन, ट्युब्युलर प्रकारच्या लेड-ॲसिड, सिरीजमध्ये म्हणजे एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट. कागदावर ३६०० वॅट-अवर होतात, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवत राहिली तर लवकर जाते, म्हणून मी १८०० च धरते. दीड रात्र निघते त्यात. लिथियमची चौकशी केली होती, वजन कमी, पाणी घालायची भानगड नाही, जास्त खोलवर वापरता येते आणि टिकतेही जास्त, पण तेव्हा बजेट नव्हतं आणि ट्युब्युलर बिघडली तर जवळच्या साखळी गावात नेऊन दाखवता येते हा विचार केला.

इन्व्हर्टर २४ व्होल्टचा, २ केव्हीएचा, प्युअर साइन वेव्ह (लाइनसारखीच नीट वीज देणारा), एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्ज कंट्रोलर) आतच असलेला. या एमपीपीटीवर अडून बसा. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो. ५४० वॅटचा पॅनल ४१ व्होल्टला १३ अँपिअर देतो, तो पीडब्ल्यूएमने १२ व्होल्टच्या एका बॅटरीला जोडला तर १३ गुणिले १३, म्हणजे जेमतेम १७० वॅट हाती लागतात. पैसे ५४० चे देऊन! एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टेजचं रूपांतर करंटमध्ये करतो. आणखी एक, एक किलोवॅट पॅनल भर उन्हात २४ व्होल्टला ४० अँपिअरपर्यंत ढकलू शकतात आणि १५० एएचच्या बॅटरीला ते सोसत नाही, ती तापते. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन चार्जिंग करंट २० अँपिअरवर बांधून घेतला. उरलेल्या विजेवर दिवसा फ्रिज आणि पंखे चालतात.

पॅनल कुठे लावायचे यात मात्र घरात बरीच चर्चा झाली. पुढचं घर मंगळुरी कौलांचं, वासे जुने, त्यावर अठ्ठावीस-अठ्ठावीस किलोचं एकेक धूड चढवायचं कुणालाच पटेना. मागे स्वयंपाकघरावर स्लॅब आहे, तिथे ठरलं, पण शेजारच्या काकांच्या कुळागरातला एक माड नेमका त्या बाजूला झुकलेला. वायरमन म्हणाला, "बाई, एवढीशी सावली, काय होतंय?" मी म्हटलं, भाऊ, मीटर लावून बघूया. त्याने डीसीचा, म्हणजे पॅनलमधून येतो त्या एकाच दिशेच्या करंटचा, क्लॅम्प मीटर वायरीभोवती अडकवला. लख्ख ऊन होतं, एका पॅनलचे अकरा-बारा अँपिअर दिसत होते, तेवढ्यात वाऱ्याने झावळ हलली, सावली पॅनलच्या खालच्या पट्टीवर आडवी आली, आणि आकडा निम्म्याखाली गेला. झावळ बाजूला झाली, आकडा वर. पुन्हा सावली, पुन्हा खाली. पॅनलमधले सेल माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात, थोडे झाकले गेले की ती अख्खी ओळच अडते. वायरमन बराच वेळ मीटरकडे बघत राहिला आणि मग स्वतःच म्हणाला, स्टँड पलीकडच्या कोपऱ्यात घेऊ. तसंच केलं, शिवाय दोन पॅनल पॅरलल जोडले, म्हणजे एकावर सावली आली तरी दुसरा चालू राहतो. माड तोडायचा विषयही काढला नाही, काकांनी हाताने लावलेला माड आहे तो.

कोनाबद्दल व्हिडिओत बघाल तर पंचवीस-तीस अंश सांगतात, ते उत्तरेकडच्या लोकांसाठी. आपण साडेपंधरा अक्षांशावर, आणि मेच्या सुरवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. पॅनल दक्षिणेला जास्त कलवले तर पावसाळ्यातलं आहे तेवढंही ऊन घालवून बसाल. आम्ही बारा अंशाच्या आसपास ठेवले. अगदी सपाटही नकोत, खालच्या फ्रेमशी माती साचते आणि आपल्या हवेत तिथे शेवाळ धरतं.

माकडांचं सांगायलाच हवं, सत्तरीत राहणाऱ्यांना वेगळं समजवायला नको. लोंबती वायर दिसली की ओढणारच. सगळी डीसी वायर कंड्युट पाइपातून घेतली, पाइप क्लॅम्पने भिंतीला पक्का केला, पॅनलखालच्या जोडण्या टाय लावून वर बांधल्या. माकडं येतात, पॅनलवर बसतातसुद्धा, पण ओढायला काही हाती लागत नाही.

वायरिंगमध्ये दोन गोष्टींवर मी हटले नाही. पॅनलच्या बाजूला एमसीबी (गडबड झाली की आपोआप पडणारा स्विच) डीसीचाच हवा. घरातल्या लाइनचा एसी करंट दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून एसीच्या स्विचमधली ठिणगी विझते, डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी धरून राहते आणि साधा एमसीबी जळू शकतो. "आम्ही नेहमी हाच लावतो" असं सांगून एसीचा लावणारे आहेत, त्यांना नाही म्हणा. दुसरं अर्थिंग. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, त्यामुळे अर्थिंगचा खड्डा न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ घेतला आणि सोबत सर्ज प्रोटेक्टर बसवला, कारण मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये विजा कशा कडकडतात ते ठाऊकच आहे. समोर वीज पडली तर हेही पुरेल असं नाही, पण लांबच्या विजेचा झटका तरी अडतो.

खर्च सगळा धरून लाखाच्या आत-बाहेर गेला, त्यात बॅटऱ्या तीसेक हजार, पॅनल पंचवीसच्या वर, इन्व्हर्टर जवळपास तेवढाच, आणि स्टँड, वायर, अर्थिंग, मजुरी मिळून उरलेले. सबसिडी नाही, कारण ऑफग्रिड. मन घट्ट करूनच खर्च केला, पण गेल्या जुलैत त्याचं चीज झालं. संध्याकाळी लाइट गेली, रात्री आईंना धाप लागली, मी नेब्युलायझर लावला, मशीनचा घरघर आवाज सुरू झाला आणि आई म्हणाल्या, पंखा जरा वाढव गो. एवढंच. गाडी काढायची नाही, कुणाला उठवायचं नाही. दुसऱ्या दिवशी दिवसभर पाऊस, सूर्य दिसलाच नाही, तरी डिस्प्लेवर संध्याकाळपर्यंत युनिटाच्या वर आकडा होता आणि लाइन यायच्या आधी दुसरी रात्रही निघाली. फ्रिज मात्र रात्री बंद ठेवला, दार न उघडता चारेक तास गारवा राहतो आणि दूध आधीच तापवून घेता येतं.

देखभाल फार नाही. बॅटरीतल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटवर नजर ठेवायची, खाली गेला की डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, विहिरीचं कितीही स्वच्छ असलं तरी नाही. बॅटऱ्या मागच्या पडवीत हवेशीर ठेवल्यात, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो म्हणून बंद खोलीत नकोत, आणि देवाची समई तर जवळपासही नको. उन्हाळ्यात पॅनल सकाळी गार असताना पाण्याने धुते, पावसात तेही काम नाही.

विहिरीचा पंप यावर चालत नाही, ते आधीच ठरलेलं होतं. एक एचपीचा पंप सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, त्याच्यासाठी हे सगळं दुप्पट-तिप्पट करावं लागलं असतं. त्याऐवजी टाकीला फ्लोट स्विच लावला, लाइट असली की टाकी आपोआप भरलेली राहते, आणि अगदीच वेळ आली तर विहिरीवर राहाट आहे.

ज्यांच्याकडे चांगला चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी आधीच आहे त्यांनी ते काढून टाकायची घाई करू नका. बॅटरीला वेगळा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर आणि पॅनल जोडला तरी लाइन नसताना बॅटरी भरत राहते, आणि निम्म्याहून कमी खर्चात काम होतं. फक्त कंट्रोलर किती व्होल्ट आणि किती अँपिअर झेपवतो ते पॅनलच्या मागच्या लेबलशी ताडून घ्या, आणि काम एप्रिलमध्ये उरका, जूनमध्ये ओल्या स्लॅबवर चढायला वायरमन मिळत नाही.