रिकॉल मारू नकोस, आधी फोन कर

महिन्याची १४ तारीख आली की आमच्या ऑफिसात चहा जरा जास्तच लागतो. १५ ला पीएफ भरायचा असतो, ईएसआयसीची (कामगार विम्याची) पण तीच तारीख, आणि भोसरी-चाकणकडच्या ज्या छोट्या कंपन्यांचं पगारपत्रक आम्ही बघतो त्या सगळ्या आपापली हजेरी १३ च्या रात्री पाठवणार, त्यातल्या दोघातिघांची चुकलेली असणार, मग फोनाफोनी, मग परत शीट, मग पीएफच्या पोर्टलवर चढवायची ईसीआर फाइल बनवा, चलन काढा, पोर्टल बंद पडलं की देवाचं नाव घ्या. हे आधीच सांगून ठेवते कारण "अगं पण पाठवायच्या आधी एकदा बघायचं ना" असं म्हणणारी माणसं त्या संध्याकाळी आमच्याबरोबर बसलेली नसतात.

तर अशाच एका १४ तारखेला आमच्याकडच्या एका पोरीच्या हातून एका कंपनीची मास्टर शीट भलत्याच कंपनीच्या एचआरला गेली. निम्म्या क्लायंटचे मेल आयडी 'एचआर' पासूनच सुरू होतात, दोन अक्षरं टाइप केली की आउटलुक खाली पत्त्यांची रांग लावतं, आणि घाईत वरचा पत्ता घ्यायच्या ऐवजी खालचा घेतला गेला, एवढंच. पण त्या शीटमध्ये काय होतं बघा: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, यूएएन (पीएफचा नंबर), आधार नंबर, बँक खातं, आयएफएससी, मोबाईल, नॉमिनी, बेसिक पगार. दीडेकशे कामगारांची अख्खी कुंडली. फाइलला पासवर्ड नव्हता, कारण पासवर्ड टाकला की क्लायंटचा फोन येतो "मॅडम उघडत नाहीये".

तिला पाठवल्या पाठवल्या कळलं. तिने पहिलं काय केलं तर रिकॉल, म्हणजे पाठवलेला मेल परत ओढायचं बटण दाबलं. आणि मला वाटतं नव्वद टक्के लोक हेच करतील. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आउटलुकचं ते रिकॉल एकाच कंपनीच्या आत, म्हणजे दोघांचे मेल एकाच सिस्टीमवर असतील तरच चालतं. बाहेरच्या माणसाकडे गेलेला मेल परत येत नाही. उलट आमच्याकडच्या जुन्या आउटलुकमधून समोरच्याला वर आणखी एक मेल जातो की अमुक माणूस हा मेसेज परत घेऊ इच्छितो. जीमेलमध्ये अनडू असतं ते सुद्धा जास्तीत जास्त ३० सेकंद, आणि तो मेल मुळात तेवढा वेळ गेलेलाच नसतो म्हणून ते जमतं.

मग ती गप्प बसली. कुणाला काही बोलली नाही, डबा तसाच परत घरी नेला, आणि रात्री गूगल केलं. रात्री गूगलवर रोग शोधला तर कॅन्सर निघतो हे आपल्याला माहितीये, तसं डेटा लीक शोधलं की २५० कोटी दंड निघतो. सकाळी डोळे सुजवून आली, मला जिन्यात गाठलं आणि म्हणाली, "ताई, मला जेलमध्ये टाकतील का हो?"

मी हसले नाही. हा प्रश्न मला याआधी पण विचारला गेलाय, कारण ऑफिसात ते डेटा प्रायव्हसीचं ट्रेनिंग एकदा मीच करून आले आणि तेव्हापासून ते लोढणं माझ्याच गळ्यात आहे. खरा आकडा तिने बरोबर वाचला होता. २०२३ चा जो डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे त्यात माहिती नीट सांभाळायची व्यवस्था केली नाही म्हणून २५० कोटींपर्यंत दंड आहे, आणि गळती झाल्यावर डेटा प्रोटेक्शन बोर्डाला नि संबंधित माणसांना कळवलं नाही म्हणून वेगळा २०० कोटींपर्यंत. पण हा दंड डेटा फिड्युशियरीला, म्हणजे ज्या कंपनीने आपल्या कामासाठी ती माहिती गोळा केली तिला. इथे तो क्लायंट. आम्ही प्रोसेसर, म्हणजे त्याच्या वतीने ती माहिती हाताळणारे, आमच्याकडून चुकलं तरी कायद्यापुढे उभा राहणार तो क्लायंट, मग तो करार घेऊन आमच्याकडे येणार. पगारपत्रक करणाऱ्या पोरीकडे कायदा २५० कोटी मागायला येत नाही. जेलचं म्हणाल तर आयटी ॲक्टमध्ये ७२-अ कलम आहे, कामाच्या करारातून मिळालेली माहिती फोडली तर तीन वर्षांपर्यंत, पण त्यात कुणाचं नुकसान करायचा हेतू लागतो किंवा नुकसान होईल हे माहीत असून केलेलं असावं लागतं. चुकून खालच्या पत्त्यावर क्लिक झालं हा हेतू नाही. नोकरीवर काय परिणाम होईल ते मात्र कायद्यात लिहिलेलं नाही, ते सरांच्या मूडवर, आणि तिची खरी भीती तीच होती.

तिला खुर्चीवर बसवलं आणि आधी त्या दुसऱ्या कंपनीच्या एचआरला फोन लावला. तर तो काय म्हणाला ऐका. पहिला मेल त्याने बघितलाच नव्हता, इनबॉक्समध्ये पडून होता. रिकॉलचा मेल आला तेव्हा त्याला वाटलं काहीतरी महत्त्वाचं आहे, म्हणून त्याने मुद्दाम शोधून पहिला मेल उघडला, "आपल्याकडे एवढी माणसं कधी लागली" म्हणून चक्रावला आणि शीट त्यांच्या बाहेरच्या अकाउंटंटला फॉरवर्ड करून टाकली. रात्री नऊ वाजता. संध्याकाळी फोन केला असता तर एका माणसाला "न उघडता डिलीट करा" एवढं सांगून काम झालं असतं. आता अकाउंटंट गाठायचा होता आणि अकाउंटंट मेहुणीच्या लग्नाला बार्शीला. त्याच्या फोनवर मेल, घरच्या लॅपटॉपवर मेल, आणि "मॅडम आल्यावर करतो ना डिलीट" हे उत्तर. दोघांकडून डिलीट केल्याचं, डिलीटेड आयटम्समधून पण काढल्याचं आणि आणखी कुणाला पाठवलं नसल्याचं लेखी घेईपर्यंत माझा जीव गेला.

अशी चूक नवशिक्यांच्याच हातून होते असं समजू नका. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिस्बेनला जी-२० परिषद होती, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या इमिग्रेशन खात्यातल्या एका कर्मचाऱ्याकडून ३१ मोठ्या नेत्यांचे पासपोर्ट नंबर, जन्मतारखा, व्हिसाचे तपशील एका मेलमधून गेले. ओबामा, पुतिन, मर्केल, आपले मोदी, सगळे त्यात. गेले कुणाला? एशियन कप फुटबॉलच्या आयोजन समितीतल्या एका माणसाला. कारण तेच, आउटलुकने पत्ता भरला आणि कुणी बघितलं नाही. फरक एवढाच की तिथे दहा मिनिटांत वर कळवलं गेलं, समोरच्याने मेल डिलीट केला, ट्रॅश रिकामं केलं, आणि विषय तेवढ्यावर थांबला. त्या पोरीला मी हे सांगितलं तेव्हा ती त्या सकाळी पहिल्यांदा जरा हसली.

दुसरी गोष्ट तिला तेव्हा मुद्दाम नाही सांगितली. ब्रिटनच्या संरक्षण खात्यातून फेब्रुवारी २०२२ मध्ये एक एक्सेल शीट बाहेर गेली, पाठवणाऱ्याला वाटलं दीडशेएक लोकांची आहे, आत जवळजवळ १९ हजार अफगाण लोकांची माहिती होती, ज्यांनी तालिबानपासून वाचायला ब्रिटनकडे अर्ज केले होते ते. फाइल फुटलीये हे खात्याला कळलं ऑगस्ट २०२३ मध्ये, त्यातला काही भाग फेसबुकवर दिसला तेव्हा. म्हणजे दीड वर्ष. आणि त्याच ऑगस्टमध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहितीच्या अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून शीट दिली, तिच्या लपवलेल्या टॅबमध्ये साडेनऊ हजारांच्या आसपास पोलिसांची आणि कर्मचाऱ्यांची आडनावं नि ते कुठे काम करतात ते. साडेसात लाख पाउंड दंड झाला त्यांना. एक्सेलमध्ये टॅब लपवला किंवा फिल्टर लावला म्हणजे माहिती फाइलमधून पुसली गेली असं समजणारे आमच्या लाइनमध्ये पण ढिगाने आहेत. पिव्होट टेबलचं (बेरजा दाखवणाऱ्या सारांशाचं) तर विचारूच नका, मूळ शीट उडवली तरी डबल क्लिक मारा, आतला डेटा परत समोर.

बरं, इकडे सरांचं काय झालं. सर वाईट माणूस नाहीत, पण घाबरले की त्यांना नोटीस काढायची सवय आहे. दुपारी नोटीस आली, यापुढे चुकीचा मेल पाठवणाऱ्याच्या पगारातून रक्कम कापण्यात येईल. मी आत जाऊन सांगितलं की सर, ही नोटीस लावलीत तर चुका होतील तेवढ्याच, फक्त तुम्हाला कळायच्या बंद होतील, आत्ताच एक रात्र गप्प बसल्यामुळे आपण बार्शीपर्यंत पोचलो. ते म्हणाले शिस्त नको का. मी म्हटलं शिस्त हवीये तर आउटलुकला लावा. शेवटी नोटीस मागे घेतली (पूर्ण नाही, "रक्कम" वाला भाग काढला, "गंभीर दखल" राहिली, सर आहेत शेवटी) आणि आयटीवाल्या पोराकडून सगळ्यांच्या मशीनवर पत्ते सुचवायचं बंद केलं. मेल सेंड केल्यावर दोन मिनिटं आउटबॉक्समध्येच थांबेल असा रूल टाकला. पहिला आठवडा सगळ्यांनी शिव्या घातल्या, आता त्या दोन मिनिटांत लोक मेल परत ओढताना मला दिसतात. मास्टर शीट अटॅच करायची नाही, क्लायंटच्या फोल्डरची लिंक द्यायची. पासवर्ड सक्तीचे केले, तर सगळ्यांनी कंपनीचं नाव ॲट १२३ ठेवले, त्याला मी अजून तरी हात टेकलेत.

या सगळ्यात माझ्याच लक्षात जरा उशिरा आलं की आम्ही तिच्या नोकरीची काळजी केली, सरांनी क्लायंट जाईल म्हणून काळजी केली, क्लायंटने दंडाची, आणि ज्यांची शीट होती त्यांना कुणी विचारलंच नाही. बीड, लातूर, बिहार, यूपीकडची पोरं, कारखान्यात शॉप फ्लोअरवर उभी. त्यांच्या यूएएनसकट, नॉमिनीच्या नावासकट कुणी फोन केला, "पीएफ ऑफिसातून बोलतोय, तुमचं केवायसी अडकलंय, ओटीपी सांगा", तर तो माणूस खरा वाटणारच ना, बायकोचं नाव माहितीये त्याला. एईपीएसवर, म्हणजे आधारवरून खात्यातले पैसे काढताना, आधार नंबर आणि अंगठा लागतो, अंगठा शीटमधून जात नाही हे नशीब, आणि आधारच्या ॲपवरून बायोमेट्रिक लॉक पण करता येतं, पण ते करायला आधी कुणीतरी सांगायला हवं.

मी क्लायंटच्या मालकांना म्हटलं, कामगारांना सांगूया. "कशाला मॅडम, डिलीट झालंय ना, उगाच घाबरतील, युनियनवाले येतील." नवीन कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, कळवायची सक्ती त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची, हे त्यांच्या वकिलाने त्यांना बरोबर सांगून ठेवलेलं. तशी ब्रिस्बेनवाल्यांनी पण त्या नेत्यांना कळवायची गरज नाही असंच ठरवलं होतं, मग मोदींना नाही सांगितलं तर वेल्डरला कोण सांगतंय.

शेवटी मधला मार्ग निघाला तो असा. त्याच पोरीने मराठीत आणि हिंदीत एक कागद लिहिला, पीएफ ऑफिस फोनवर ओटीपी मागत नाही, आधारचं बायोमेट्रिक असं लॉक करा, पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. चांगला लिहिलाय, मोठ्या अक्षरात. मालकांनी तो टाइम ऑफिसच्या बाहेर पंचिंग मशीनशेजारी लावला, वर 'जनजागृती' असं हेडिंग टाकून. का लावलाय ते त्यात कुठेच नाही. सर म्हणतात एवढं पुरे, मला ते अजिबात पटलेलं नाही, आणि पुढच्या १४ तारखेच्या आधी मी हा विषय परत काढणार आहे.