तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्लंडमध्ये ट्रेनी सॉलिसिटरची जागा आणि ते इंटरव्ह्यू

लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलं की कोणी ना कोणी गाठतंच, आणि पुण्यामुंबईहून तर मेसेज चालूच असतात, "ताई, तिकडे ट्रेनी सॉलिसिटरची जागा कशी मिळते हो, आणि इंटरव्ह्यूत नेमकं काय विचारतात?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहून टाकते. मी लंडनबाहेरच्या एका लहान फर्ममध्ये सॉलिसिटर, म्हणजे इथली वकील, आहे, काम मुख्यतः घरांच्या खरेदीविक्रीचं आणि मृत्युपत्रांचं, आणि हल्ली ट्रेनी (सॉलिसिटर होण्यासाठी शिकणारा) किंवा पॅरालीगल (वकिलांच्या हाताखाली कायद्याचं काम करणारा मदतनीस) घ्यायचा असला की इंटरव्ह्यू घेणाऱ्यांत मीही असते. त्यामुळे हे टेबलाच्या त्या बाजूने लिहितेय असं समजा.

सगळ्यात आधी हे बघा की तुम्हाला ट्रेनीची जागा लागते का. हा प्रश्न कोणी विचारतच नाही! तुमच्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद असेल, म्हणजे तुम्ही रीतसर वकील असाल, तर इथली नियामक संस्था एसआरए तुम्हाला परदेशात पात्र झालेला वकील धरते, आणि अशा वकिलाला दोन वर्षांच्या अनुभवाची अट नाही. एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर होण्याची परीक्षा, पास करायची, चारित्र्याची तपासणी होते, आणि मग नाव रोलवर, म्हणजे सॉलिसिटरांच्या यादीत. तरीसुद्धा चांगली चार-पाच वर्षं कोर्टात काढलेली माणसं इथे येऊन ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टच्याच, म्हणजे फर्मबरोबरच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या कराराच्याच, मागे लागतात, आणि बावीस वर्षांच्या मुलांसाठी बनवलेले फॉर्म भरत बसतात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. त्यांना हवी असते ती इथल्या कामाची ओळख, आणि ती पॅरालीगल म्हणूनही होते.

ज्यांच्याकडे सनद नाही, म्हणजे इथेच एलएलबी केलं किंवा तिकडची डिग्री घेऊन थेट एलएलएमला आले, त्यांना मात्र दोन वर्षांचा अनुभव दाखवावाच लागतो. पूर्वी त्यासाठी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट हाच मुख्य रस्ता होता. सप्टेंबर २०२१ मध्ये एसक्यूई आली आणि हे बदललं. आता ती दोन वर्षं जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पूर्ण करता येतात, पॅरालीगल म्हणून, लॉ क्लिनिकमध्ये (मोफत कायदेशीर सल्ला देतात तिथे), कुठेही, फक्त त्या कामावर इंग्लंड-वेल्सच्या सॉलिसिटरची सही हवी. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट बंद झालेलं नाही, मोठ्या फर्म अजून तेच देतात, दोन वर्षं आणि साधारण सहा-सहा महिन्यांचे चार विभाग, त्याला इथे सीट म्हणतात. पण तो एकच दरवाजा आहे असं समजून घरी बसू नका.

एसक्यूईबद्दल एवढंच की पहिल्या भागात १८० प्रश्नांचे दोन पेपर असतात, दुसऱ्या भागात लेखी आणि तोंडी कामं, आणि दोन्हीची फी मिळून जवळपास पाच हजार पौंड जाते, क्लासचे पैसे वेगळे. मोठ्या फर्म हा खर्च स्वतः करतात. म्हणून घरच्यांना कर्ज काढायला लावून आधीच परीक्षा देऊन टाकायची की आधी नोकरी बघायची याचा नीट विचार करा, माझं मत विचाराल तर आधी नोकरी.

आता जागा शोधणं. लंडन सिटीमधल्या मोठ्या फर्म साधारण दोन वर्षं आधी भरती करतात, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरपासून उघडायला लागतात, आणि बऱ्याच फर्म आधी व्हेकेशन स्कीमला, म्हणजे सुट्टीतल्या छोट्या इंटर्नशिपला, बोलावून, आठवडा-दोन आठवडे काम बघून, त्यातूनच ट्रेनी निवडतात. मधे ऑनलाइन चाचणी असते, बहुतेक ठिकाणी वॉटसन-ग्लेझर नावाची तर्काची चाचणी. त्यात आपली हुशार मुलंसुद्धा अडकतात कारण ती स्वतःला माहीत असलेल्या गोष्टींवरून उत्तर देतात, आणि तिथे फक्त दिलेल्या उताऱ्यातून काय निघतं तेवढंच बघायचं असतं, बाहेरचं एक अक्षर आणायचं नाही. सराव केला की जमतं.

पण मला खरं बोलायचंय ते लहान फर्मबद्दल, कारण लेस्टर, स्लाव, हॅरो, वेंब्ली अशा ठिकाणी आपल्या भाषा बोलणारे, आपल्या घरांची गुंतागुंत समजणारे लोक खरोखर हवे असतात. या फर्म दोन वर्षं आधी काही ठरवत नाहीत. कोणी सोडून गेलं, काम वाढलं, की माणूस बघतात. जाहिरातीत ट्रेनी हा शब्दही नसतो बऱ्याचदा, लीगल असिस्टंट किंवा पॅरालीगल असं लिहिलेलं असतं. लॉ सोसायटी, म्हणजे सॉलिसिटरांची संघटना, तिच्या गॅझेट या मासिकाच्या नोकऱ्यांच्या पानावर बघा, लिंक्डइनवर बघा, आणि सरळ फर्मच्या वेबसाइटवरून त्या त्या विभागाच्या पार्टनरचं नाव काढून त्यांनाच छोटं पत्र लिहा. छोटं म्हणजे एक पान. सीव्ही दोन पानांच्या आत, आणि त्यात फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही नको. टक्के जसे आहेत तसे लिहा, त्यांचं इथल्या ग्रेडमध्ये रूपांतर स्वतःच्या मनाने करू नका.

व्हिसाचं आधीच बोललेलं बरं, कारण इंटरव्ह्यू छान होऊन शेवटी गाडी इथेच अडते. ग्रॅज्युएट व्हिसा (इथे शिक्षण झाल्यावर काही काळ राहून काम करण्याचा) असेपर्यंत प्रश्न नाही, पण तो संपल्यावर स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे नोकरी देणाऱ्याने स्पॉन्सर केलेला, लागतो आणि त्याची पगाराची सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झालीय. नवख्यांना काही सवलत आहे, पण लहान फर्मचा ट्रेनी पगार बहुतेकदा तिथपर्यंतही पोचत नाही. ट्रेनीला किमान इतका पगार द्याच अशी एसआरएची सक्ती २०१४ मध्येच गेली, आता कायद्याचं किमान वेतन तेवढं लागू. तेव्हा अर्ज करण्याआधी गव्ह डॉट यूकेवर परवाना असलेल्या स्पॉन्सरची यादी सगळ्यांसाठी खुली आहे, त्यात फर्मचं नाव शोधा. आणि कोणी म्हणालं की स्पॉन्सरशिप देतो, एवढे पैसे भरा, तर तिथून उठा. परवान्याचा आणि स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटचा खर्च कामगाराकडून वसूल करता येत नाही. याला बळी पडलेली मुलं मी पाहिलीयेत, आईवडिलांची साठवलेली रक्कम गेलेली असते आणि लाजेने ती कोणाला सांगतही नाहीत. सांगा. यात तुमची लाज काहीच नाही.

बरं, इंटरव्ह्यू. इथे आपल्याकडच्या मुलांचं एक ठरलेलं असतं, त्यांना वाटतं की कायद्याची तोंडी परीक्षा आहे. रात्रभर कलमं पाठ करून येतात. आम्हाला कलमं नको असतात हो, ती पुस्तकात आहेत. आम्हाला बघायचं असतं की या माणसाच्या हातून आजवर काय काम झालं, ते त्याला कळलं होतं का, आणि उद्या घाबरलेल्या क्लायंटसमोर याला एकटं बसवता येईल का.

म्हणून "तुमच्या कामाबद्दल सांगा" म्हटल्यावर "सिनियर सरांच्या ऑफिसमध्ये इंटर्नशिप केली, खूप शिकायला मिळालं" एवढं बोलून थांबू नका ना! एक मुलगी आली होती आमच्याकडे, अगदी शांत, आणि तिने पहिली पाच मिनिटं असंच वरवरचं सांगितलं. मग मी विचारलं की तिथे रोज सकाळी गेल्यावर काय करायचीस. तेव्हा कुठे बाहेर आलं की ती एका जमिनीचा तीस वर्षांचा सर्च करत होती, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊन इंडेक्स टू बघायची, सातबारा आणि फेरफार जुळवायची, आणि एका फेरफारात एका बहिणीचं नावच लागलेलं नाही हे तिच्याच लक्षात आलं होतं आणि ते तिने सरांना जाऊन दाखवलं होतं. अहो, हेच तर आमचं काम! इथे लँड रजिस्ट्रीचा उतारा कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत येतो, पण टायटलमध्ये, म्हणजे मालकीच्या कागदांत, काय नाही हे ओळखणारा डोळा कॉम्प्युटर देत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या इंग्लिश पार्टनरला सातबारा म्हणजे काय हे तिने इतकं सोपं करून समजावलं की तिथेच आमचं ठरलं. तुमच्याकडेही असं काही नक्की आहे. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचे कागद, भाडेकरूची नोटीस, ग्राहक मंचातली तक्रार, लोकअदालतीतली तडजोड, काहीतरी असतंच. ते कागदांच्या तपशिलासकट सांगा (क्लायंटचं नाव मात्र चुकूनही घेऊ नका, गोपनीयतेची परीक्षा तिथेच होते), आणि त्यात सरांनी काय केलं आणि तुम्ही काय केलं हे वेगळं करून सांगा. सरांचा मान ठेवायचा म्हणून स्वतःचं काम झाकायचं हे आपल्या अंगात मुरलंय, पण समोरच्याला मग खरंच वाटतं की तुम्ही फक्त खुर्चीत बसून होतात.

मी हमखास विचारते तो एक प्रश्न सांगून टाकते, कारण तो पाठ करून काही होत नाही. एक तरुण जोडपं घर घेतंय, डिपॉझिटचे पैसे मुलाच्या वडिलांनी भारतातून पाठवलेत, पण ते तीन वेगवेगळ्या खात्यांतून आलेत, वडिलांच्या, काकांच्या आणि एका मित्राच्या. तुम्ही कागद मागितले तर वडील फोनवर चिडले, "आमच्या घरच्या पैशाचा हिशोब तुम्हाला कशाला?" आता काय कराल? बरेच जण एक तर म्हणतात की कुटुंबाचेच पैसे आहेत, चालेल, किंवा एकदम म्हणतात की केस बंद करू. दोन्ही नको. जो उमेदवार म्हणतो की आपल्याकडे जमीन विकून भावाभावात वाटणी होते, आणि आरबीआयच्या योजनेत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात म्हणून खाती वेगळी असू शकतात, पण २०१७ च्या मनी लाँडरिंगच्या नियमांप्रमाणे पैसा कुठून आला हे मला बघावंच लागेल, म्हणून मी विक्रीखत आणि बँकेची स्टेटमेंट मागेन, काकांशी नातं काय ते विचारेन, आणि मित्राच्या पैशाचं पटलं नाही तर फर्मच्या रिपोर्टिंग ऑफिसरकडे (संशयास्पद पैशाची माहिती ज्याला द्यायची त्याच्याकडे) जाईन आणि तसं केलंय हे क्लायंटला बोलून दाखवणार नाही, तो उमेदवार मला उद्याच्या उद्या हवा असतो. यातलं अर्धं ज्ञान इथल्या मुलांना पुस्तकातून मिळतं आणि उरलेलं अर्धं तुमच्या घरात तुम्ही लहानपणापासून बघितलंय.

नीतिमत्तेचे प्रश्न हल्ली वाढलेत, आणि पोस्ट ऑफिसच्या होरायझन प्रकरणानंतर तर वाढायलाच हवेत. १९९९ ते २०१५ मध्ये होरायझन या कॉम्प्युटर सिस्टीमच्या चुकीच्या आकड्यांवरून पोस्ट ऑफिसच्या शाखा चालवणाऱ्या ९०० हून जास्त लोकांना पैशांच्या अफरातफरीसाठी दोषी ठरवलं, त्यात भारतीय वंशाचे दुकानदार कितीतरी, आणि २०२४ मध्ये संसदेला वेगळा कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. विचारतात की तुम्ही पोस्ट ऑफिसचे वकील असतात आणि सिस्टीममध्ये दोष आहे असं सांगणारा कागद हातात आला असता तर? क्लायंटचं हित सांभाळायचं हे खरं, पण न्यायाच्या कामकाजावरचा लोकांचा विश्वास त्याच्या वर, एसआरएच्या तत्त्वांमध्येच हे लिहिलंय. ट्रेनी असलात तरी तो कागद वरिष्ठांना दाखवणं, त्यांनी दाबायला सांगितलं तर आणखी वर जाणं, हे म्हणायची हिंमत लागते, आणि ते म्हणताना आवाज कापला तरी चालतो.

कमर्शियल अवेअरनेस, म्हणजे क्लायंटच्या धंद्याची आणि पैशाची जाण, या शब्दाने सगळे घाबरतात. सिटीच्या फर्मला जाताना मोठे सौदे वाचून जा, ठीक आहे. पण आमच्यासारख्या फर्मला जाताना आमच्या क्लायंटचा विचार करून या. भाडेकरूंसाठीचा नवा कायदा २०२५ मध्ये झाला, १ मे २०२६ पासून घरमालकाला कारण न देता घर खाली करून घेता येत नाही, कलम २१ ची नोटीस गेली. मग दोन फ्लॅट भाड्याने देणारा आमचा क्लायंट आता काय विचारायला येईल, विकायला काढेल का, करार कसे बदलतील? यावर पाच वाक्यं स्वतःच्या डोक्याने बोललात तरी खूप.

समोरच्यांनी नाव सांगून ओळख करून दिली की त्या नावानेच बोलवा, सर-मॅडम नको, सुरुवातीला जड जातं पण इथे तेच सभ्य मानतात. उलटा प्रश्न आला, "हे मला पटत नाही" असं कोणी म्हणालं, तर लगेच "हो, तुमचं बरोबर" म्हणून शरण जाऊ नका, बहुतेक वेळा ते मुद्दाम दाबून बघत असतात. नवीन माहिती दिली असेल तर मत बदला आणि का बदललं ते सांगा, नसेल तर नम्रपणे टिकून राहा.

आणि शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतील तेव्हा हे जरूर विचारा की माझ्या कामावर देखरेख कोण करेल, आठवड्यातून किती वेळ मिळेल, आणि माझ्या अनुभवावर सही कोण करेल. नोकरी मिळाल्यावर हेच ईमेलवर लिहून घ्या. काय काम केलं, कधी केलं, त्यातून कुठलं कौशल्य आलं याची नोंद दर महिन्याला स्वतः ठेवा आणि दर सहा महिन्यांनी त्या सॉलिसिटरला दाखवत जा, कारण तो सॉलिसिटर फर्म सोडून गेला आणि तुमच्याकडे काहीच लिहिलेलं नसलं, की झालेलं काम सिद्ध करायला फार धावपळ होते.