न्हाणीचं धुराडं

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात न्हाणीची एक भिंत रडायची. पावसात सगळ्याच भिंती रडतात, तिचं काही नाही. ही मात्र चुलाण पेटलं की रडायची. काकवीसारखा काळपट रस वरून ओघळायचा आणि त्याला धुरकट, आंबूस वास. बायकोने दोनदा चुन्याचा हात दिला. दोन्ही वेळा आठ दिवसांत डाग जसाच्या तसा वर.

घर जांभ्याचं आहे, फक्त धुराडं तेवढं विटांचं. आजोबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात होते. मुंबईत सगळ्या चिमण्या विटांच्या पाहिल्या, तेव्हा आपलीही विटांचीच हवी असं त्यांनी मनाशी धरलं. कोकणात वीट आणायची कुठून, याच्या आमच्या घरात तीन कथा आहेत. मला आवडते ती अशी की, परतीच्या रिकाम्या गलबतात नीरम म्हणून, म्हणजे गलबत डोलू नये म्हणून घालतात त्या वजनाला, विटा भरून आणल्या. खरंखोटं आजोबांबरोबर गेलं.

खालच्या राखेच्या दारातून आरसा तिरका धरला आणि वर टॉर्च मारला. विटांच्या सांध्यांत चुना उरलाच नव्हता, रेती नुसती हाताने गळत होती. वर आकाशाचा चौकोन अगदी स्वच्छ दिसला, आणि तो दिसायला नको होता. धुराड्यावरची टोपी मे २०२१ च्या तौक्ते वादळात उडाली होती. तेव्हा आम्ही कौलं शाकारण्यात आणि पडलेले माड तोडण्यात गुंतलो होतो. धुराड्याकडे मान वर करून बघायचं कुणाला सुचलंच नाही. पुढचे दोन पावसाळे सरळ आत उतरले.

मी ३१ वर्षं जहाजांवर इंजिनरूममध्ये फिटर होतो. धूर म्हणजे काय ते मला घरच्यांपेक्षा थोडं जास्त कळतं, असा माझा समज. लाकडाच्या धुरात वाफ असते आणि डांबरी अंशही असतो. धूर गरम असेपर्यंत हे सगळं वर निघून जातं. थंड झाला की वाटेतच भिंतीला धरतं. त्यात पावसाचं पाणी मिसळलं की आंबट रस होतो आणि तो सांध्यांतला चुना खातो. आमचं धुराडं आतून १४ इंच बाय १४ इंच. आमच्या चुलाणाला ६ इंची गोल वाट पुरते, म्हणजे भोक जवळजवळ सातपट मोठं. एवढ्या पोकळीत धूर रेंगाळतो, थंड होतो. भरीस भर म्हणून आमच्याकडे पाणी लवकर तापावं म्हणून चुलाणात काजूची टरफलं घालायची जुनी खोड. त्या टरफलांतलं तेल जळतं झकास, पण मागे जो काळा लेप ठेवतं तो कोयत्याच्या टोकानेही निघत नाही. हा चकचकीत लेप एकदा पेटला तर धुराडंच भट्टी होतं. जहाजावर एक्झॉस्ट बॉयलरमध्ये काजळी पेटलेली मी पाहिली आहे. ती रात्र अजून आठवते, इथे लिहीत नाही.

मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी आत डोकावून निकाल दिला, "दादानू, शिमिटाचो गिलावो मारूया. धा वर्सां बघूक नको." मला ते पटेना. काजळीवर सिमेंट धरत नाही, आणि धरलं तरी तापून-निवून तडकणार. शिवाय सव्वा फुटाच्या चौकोनात हात घालून १८ फूट गिलावा मारणार कोण, हे त्यांनी सांगितलं नाही.

माझ्या डोळ्यांपुढे इंग्लंडमधलं हल बंदर होतं. जहाज धक्क्याला असताना एकदा गावात गेलो होतो. लाल विटांच्या घरांची लांबच लांब ओळ आणि एका छपरावर माणूस. तो चिमणीच्या तोंडातून लवचिक स्टीलची नळी दोरीने आत सोडत होता. खाली घरात दुसरा दोरी ओढत होता आणि दोघे एकमेकांवर ओरडत होते. मी अर्धा तास उभा राहून बघितलं. तिथे १९६५ च्या बांधकाम नियमांपासून नव्या चिमणीला आतून अस्तर सक्तीचं झालं. त्याआधीच्या चिमण्या आतून चुन्याने लिंपायचे, आणि त्या चुन्यात शेण कालवायचे. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. साहेबही शेणानेच सारवत होता.

तर नळी घालायची ठरलं. बायको म्हणाली, "आता घरातच जहाज बांधतलात काय?"

स्टेनलेस स्टीलच्या प्रतींना आकडे असतात: २०२, ३०४, ३१६. जवळच्या एका दुकानदाराने '३०४ आसा' म्हणून नळी दाखवली आणि लोहचुंबक लावून ती चिकटत नाही हेही दाखवलं. स्वस्त २०२ सुद्धा चिकटत नाही, त्यामुळे त्या चुंबकाला काही अर्थ नव्हता. आणि आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. खारा वारा स्टीलला बारीक बारीक भोकं पाडतो. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम हा धातू दोन-तीन टक्के असतो, म्हणून ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा जास्त तग धरतं. मी वास्कोला गेलो. तिथे जहाजदुरुस्तीचा माल ठेवणारा ओळखीचा एक जण आहे, त्याने तपासणीचा थेंब टाकून ३१६ दिलं. महाग पडलं. किती ते बायकोला अजून सांगितलेलं नाही, आणि ती हे वाचते.

आधी आठवडाभर साफसफाई. माडाच्या हिरांचा खराटा, त्याला दगड आणि दोरी, वरून खाली, खालून वर. दोन पाट्या काजळी निघाली. विटांचे सांधे चुन्यानेच भरले. नळीच्या भोवतीच्या पोकळीत वर्मिक्युलाइट, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं हलकं दाणेदार खनिज, सुटं ओतलं. रोपवाटिकेचं सामान विकणाऱ्याकडे पोत्याने मिळतं. त्याने नळी गरम राहते आणि धूर वाटेत थंड होत नाही. ते सिमेंटमध्ये कालवलं नाही, कारण नळीला हलायला जागा हवी. १८ फुटी नळी ३०० अंशांनी तापली तर इंचभर लांबते. ती खाली टेकवायची आणि वर मोकळी सोडायची. मेस्त्री वरचं तोंड पक्कं करायला सिमेंट कालवून तयार होते. त्यांना चहाला बसवून मी वर टोपीखाली सरकती पट्टी बसवली.

एवढं सगळं करून मी चूक केलीच.

नळीचे तुकडे एकात एक बसतात. धूर वर जातो, म्हणून खालच्या तुकड्याचं तोंड वरच्यात घातलं. सांध्यातून धूर बाहेर यायला नको, हा माझा हिशेब. महिन्याभरात सगळ्यात खालच्या सांध्यावर, चुलाणाच्या जरा वर, तोच काळा रस बाहेर झिरपला. मेस्त्री बघायला आले. बोट लावून वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं. "दादानू, तुम्ही धुराचो इचार केलात. पाणी खंय जातला ह्याचो केलात नाय."

धूर वर जातो, रस खाली येतो. वरचा तुकडा खालच्यात घातला की रस नळीच्या आतच राहतो आणि राखेत येऊन पडतो. ३१ वर्षं मी पाइप जोडले आणि हे मला गवंड्याने शिकवलं. सगळी नळी वर काढली, वर्मिक्युलाइट बादल्यांनी उपसलं, तुकडे उलटे केले. टरफलं घालणं तेव्हापासून बंद. लाकूड वर्षभर वाळवलेलं, आणि चुलाण पेटलं की न्हाणीची खिडकी उघडी, कारण कोंडलेल्या जागेतला विषारी वायू नाकाला कळत नाही.

दोन पावसाळे झाले, ओघळ आला नाही. जुना डाग मात्र आहेच. विटांनी जे प्यायलंय ते कुठल्याही चुन्याने झाकत नाही. दिवाळीला सफेदी झाली की आठवड्याने तो पुन्हा उगवतो, त्याच आकारात. बायकोने आता त्याच्यावर कालनिर्णय टांगलंय.