चार छटांचं घर : चौथ्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीच्या वेळी मी बनवत असलेल्या खेळाच्या तीन खोल्या चालत होत्या, आता सात चालतात. पण महिन्याचा निम्मा वेळ तिसऱ्या खोलीनेच घेतला. ती पूर्ण पुसून पुन्हा काढावी लागली, आणि या महिन्यात जे काही उमगलं ते बहुतेक तिच्यातूनच. म्हणून आधी तिच्याबद्दल.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: खेळ ब्राउझरमध्ये चालतो. अंधारं घर, एक मुलगी, प्रत्येक खोलीत कुठेतरी एक दिवा. दिवा लावला की दार उघडतं. चित्रपट्टी १६० बाय १४४ पिक्सेलची आणि छटा फक्त चार. ही दोन्ही बंधनं मी १९८९च्या गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राकडून मुद्दाम उसनी घेतली आहेत. ८ बाय ८ पिक्सेलची एक टाइल, म्हणजे चित्राचा छोटा चौकोनी तुकडा, धरली तर आडव्या २० आणि उभ्या १८, म्हणजे अख्खी खोली ३६० टाइल्समध्ये बसवायची.

तिसऱ्या खोलीत एक मोठी खिडकी आहे. तिच्यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. काचेतून येणारं चांदणं ठिपक्यांच्या जाळीने, म्हणजे डिदरिंगने, हळूहळू विरत जातं. बायर मॅट्रिक्सचा, म्हणजे ठिपके कुठे पेरायचे ते ठरवणाऱ्या तक्त्याचा, ४ बाय ४ नमुना घेतला आणि हाताने थोडा मोडला, कारण तो जसाच्या तसा वापरला तर चांदण्याऐवजी विणकाम दिसतं. गजांच्या डाव्या कडेला एकेका पिक्सेलची उजेडाची रेघ दिली. माझ्या हातून उतरलेल्या पिक्सेल चित्रांत ती सगळ्यात सुंदर होती, हे मी आजही म्हणेन.

वर्गातल्या एका मैत्रिणीला खेळायला बसवलं आणि मागे गप्प उभी राहिले. मध्ये बोलायचं नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळते. पहिल्या दोन खोल्या ती सहज पार झाली. तिसरीत आली, दिवा लावला, आणि थेट खिडकीपाशी जाऊन वरचा बाण दाबायला लागली. एकदा, दोनदा, चारदा. मग पलंगावर चढून तिथून उडी मारून पाहिली. दार तिच्या उजव्या हाताला होतं, दहा टाइल्सवर. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी मागे वळून म्हणाली, "अगं, ही उघडत का नाहीये? दिवा तर लागला की!"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. "इकडे या" असं त्या खोलीत खिडकीच सांगत होती, आणि तिला तसं बोलायला मीच लावलं होतं.

घरी येऊन त्या खोलीकडे डोळे बारीक करून पाहिलं. चित्रकलेच्या पहिल्या वर्षात हे सतत करायला लावतात: पापण्या अर्ध्या मिटल्या की तपशील विरघळतो आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. जपानी कलेतून आलेली नोतानची संकल्पनाही तीच, फक्त काळा आणि पांढरा, आणि त्या दोघांचं एकमेकांतलं स्थान. कोळशाने स्थिरचित्र काढताना मी हे न चुकता करत होते. खेळ काढताना मात्र चार महिन्यांत एकदाही केलं नाही. त्या रात्री केलं तर खिडकी ढगातल्या चंद्रासारखी उठून दिसत होती आणि दार भिंतीत बुडालेलं.

मग हिशेब करायला बसले. तो इथे सविस्तर देते, कारण कमी छटांत काम करणाऱ्या कुणालाही तो उपयोगी पडेल.

वेबच्या सुगमतेचे नियम, म्हणजे डब्ल्यूसीएजी, दोन रंगांमधला फरक गुणोत्तरात मोजतात. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा यांच्यात तो २१ ला १ असतो, त्याहून जास्त असूच शकत नाही. साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. बटणं आणि अर्थ सांगणारी चिन्हं यांना शेजारच्या रंगाशी किमान ३ लागतो. २०१८च्या आवृत्तीत ही दुसरी अट आली. आता काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत चार छटा ठेवल्या तर मध्ये तीन पायऱ्या होतात. तिन्ही सारख्या ठेवायच्या तर एक पायरी म्हणजे २१चं घनमूळ, साधारण २.७६. राखाडीत सांगायचं तर, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरून, ०, ८४, १५६ आणि २५५.

२.७६ म्हणजे ३ च्या खाली! चार सारख्या छटांच्या पॅलेटमध्ये शेजारशेजारच्या कुठल्याच दोन छटा त्या अटीत बसत नाहीत. दोन पायऱ्यांचं अंतर घेतलं की मात्र आकडा एकदम साडेसातच्या वर जातो. इतके दिवस जे नजरेने चाचपडत होते त्याला एका ओळीचा नियम मिळाला: ज्याला हात लावायचा ते पार्श्वभूमीपासून दोन पायऱ्या दूर, जे नुसतं बघायचं ते एकच पायरी दूर.

जुन्या तिसऱ्या खोलीत नेमकं उलटं होतं. खिडकी भिंतीपासून दोन पायऱ्या वर, दार एक पायरी खाली.

नवीन खोलीत दाराची चौकट सगळ्यात उजळ छटेत आहे आणि तिच्यावर नक्षी नाही. खिडकी एक पायरी खाली उतरवली. चांदणं काढून टाकायला जीव होईना, म्हणून ते काचेवरून जमिनीवर आणलं. गजांच्या तिरक्या सावल्या आता फरशीवर पडतात आणि दाराच्या दिशेने लांबत जातात. ही कल्पना सुचली ती 'इको' या २००१च्या खेळाच्या मुखपृष्ठावरून. ते खेळाचे दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः रंगवलं होतं, इटालियन चित्रकार जॉर्जो दे किरिको यांच्या चित्रांची प्रेरणा घेऊन. मोकळं अंगण, कमानी, आणि माणसांपेक्षा लांब सावल्या. सूर्य चौकटीत नाही, तरी तो कुठे आहे ते कळतं. दे किरिकोंच्या चित्रांत ती सावली अस्वस्थ करते. माझ्या खोलीत ती वाट दाखवते, पण थोडी अस्वस्थताही आपोआप आली आणि ती मला हवीच होती.

त्याच मैत्रिणीने नवी खोली खेळून पाहिली. दिवा लावला, सावलीवरून चालत दारापर्यंत गेली, थांबली, आणि परत येऊन खिडकीखाली उभी राहिली. "इथे छान वाटतंय," म्हणाली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

हाच नियम घेऊन मग मी माझी कामं मांडलेली वेबसाइट उघडली. तिथे पांढऱ्यावर फिकट राखाडी मजकूर होता, लाल, हिरवा, निळा तिन्ही १७०. डिझाइन शिकणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच तो राखाडी आवडतो, पान कसं शांत दिसतं. मोजलं तर २.३२. म्हणजे मी लिहिलेला प्रत्येक परिच्छेद खेळातल्या सजावटीइतकाच ठळक होता, नुसता बघायचा. तिन्ही आकडे ११८ वर आणले की ४.५४ मिळतात, ११९ ठेवले तर ४.४८ आणि नापास. शुद्ध पांढऱ्यावर राखाडीची सीमा अशी एका आकड्यावर उभी आहे. मी त्याहूनही गडद घेतला, आणि दुव्यांखालच्या रेघा परत आणल्या. त्या मी गेल्या वर्षी "नीटनेटकं दिसावं" म्हणून काढल्या होत्या. दुव्याखालची रेघ हे वेबवरचं दार आहे, ते भिंतीत बुडवायचं नसतं.

एकच आकार जागेवरून वेगळा वाचला जातो, याचं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे १९८५च्या 'सुपर मारियो ब्रदर्स'मधले ढग आणि झुडपं. दोन्हींचं चित्र तेच, रंग फक्त वेगळा. वर असलं की ढग, जमिनीला टेकलं की झुडूप. मी पाचव्या खोलीत पडद्याची चूण आणि सहाव्या खोलीतला खांब एकाच टाइलमधून काढले. टाइल वाचली हे तर झालंच, पण दोन्ही खोल्या एकाच हाताने बांधल्यासारख्याही वाटायला लागल्या.

आता अक्षरं. यात मी अजून गुंतलेली आहे.

खेळातला सगळा मजकूर मराठीत आहे आणि त्याचा पिक्सेल फॉन्ट मी स्वतः काढतेय. रोमन अक्षरं ८ बाय ८ च्या चौकटीत सुखाने राहतात, देवनागरी राहत नाही. मी पिक्सेलच्या १६ ओळी घेतल्या: वरच्या चार मात्रा, रफार आणि अनुस्वार यांना, पाचवी शिरोरेषा, मग आठ ओळी अक्षराच्या अंगाला, आणि खालच्या तीन उकारांना. "र्कैं" असं काही लिहायची वेळ आली तर वरच्या चार ओळींत गर्दी होते, पण असे शब्द खेळात नाहीत म्हणून तो प्रश्न सध्या बाजूला ठेवलाय.

खरी कसोटी जोड्यांची. भ आणि म, ध आणि घ. मोठ्या अक्षरात भ आणि ध यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली सहज दिसते. इथे ती फट एका पिक्सेलची ठेवली तर दिसतच नाही, दोनची ठेवली की दिसते. म्हणून भ आणि ध एक पिक्सेल रुंद केले. ख तर जुनं दुखणं. खालची जोडणी नसली की तो "रव" होतो आणि "खाली" चं "रवाली" होतं. र चा पाय व च्या पोटाला नेऊन टेकवला, तेव्हा तो ख झाला. "दुसऱ्या" मधला चंद्रकोरीसारखा अर्धा र मी पाच वेळा काढला. पहिल्या चार वेळा तो र चा तुटलेला तुकडा वाटत होता. पाचव्यांदा त्याला खाली झुकणारी तीन पिक्सेलची कमान दिली आणि उजवं टोक शिरोरेषेपासून एक पिक्सेल सोडवलं. आता "दुसऱ्या खोलीत उजेड आहे" हे वाक्य वाचताना डोळा अडखळत नाही.

मजकूर बसवतानाही एक गाठ सुटली. पहिली वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर, दिसते मात्र त्याच्या आधी. मी सुरुवातीला एकेक वर्ण क्रमाने छापत होते आणि "दिवा" लिहिलं की वेलांटी व च्या डोक्यावर जाऊन बसायची. आता आधी मजकुराची अक्षरं तोडते, म्हणजे दि आणि वा, आणि प्रत्येक अख्ख्या अक्षराचं चित्र वेगळं ठेवते. चित्रं जास्त होतात, पण खेळाची शब्दसंख्या मर्यादित आहे, त्यामुळे चालतं. वेबसाइटवर हे काम ब्राउझर आणि फॉन्ट मिळून करतात. तिथे पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवायला विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे त्या एका नोंदीवर ल आणि श मराठी वळणाचे येतात. मी ती नोंद केली आणि माझ्याच पानावरचा "कला" शब्द बदललेला पाहिला.

एक तांत्रिक घोळ थोडक्यात. दुसऱ्या एका संगणकावर खेळातली मुलगी दुप्पट वेगाने धावत होती. त्याचा पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होत होता, माझा ६० वेळा, आणि मी चालण्याचा वेग फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ताज्या चित्राला, बांधला होता. आता हालचालीचा हिशेब सेकंदाच्या साठाव्या भागाच्या ठरावीक पावलांनी होतो, पडदा कितीही वेळा रंगो. हे शोधताना १९७८च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ची गोष्ट पुन्हा वाचली. परग्रहवासी मरत जातात तसे उरलेले वेगाने येतात, कारण चित्रं कमी झाली की प्रोसेसरचं काम हलकं होई. खेळाचे निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी तो परिणाम तसाच ठेवला आणि खेळाचा सगळा ताण त्यातून उभा राहिला. माझ्या खेळात शांतता हवी, म्हणून मी तो दुरुस्त केला.

चित्र मोठं करताना पूर्णांकाच्या पटीतच करा, हेही सांगून ठेवते. अडीच पट केलं की काही पिक्सेल दोनचे, काही तीनचे होतात आणि डिदरिंगच्या जाळीत पट्टे उमटतात. कडेला काळी जागा उरली तर उरू द्या.

खेळ ही कला की डिझाइन, यावर वर्गात परत चर्चा झाली. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १४ व्हिडिओ गेम संग्रहात घेतल्याचं जाहीर केलं, 'पॅक-मॅन' आणि 'टेट्रिस'सुद्धा, आणि ते ठेवले वास्तुकला आणि डिझाइन विभागात. वर्गातल्या काहींना तो कमीपणा वाटला. मला ती जागा अगदी योग्य वाटते. खुर्ची बसून बघायची असते, खेळ खेळून. चित्रासमोर चुकीच्या कोपऱ्यात रेंगाळलं तरी काही बिघडत नाही, उलट तिथेच काही सापडतं. माझ्या तिसऱ्या खोलीत तेच रेंगाळणं एका माणसाला अडकवून गेलं. ती जबाबदारी मला आवडते, आणि चित्रकलेच्या वर्गात ती माझ्यावर कधी आली नव्हती.

सध्या आठव्या खोलीपाशी अडले आहे. तिथे जिना आहे. खालच्या पाच पायऱ्या चढता येतात, वरचा भाग मोडलेला आहे आणि नुसता दिसायला आहे. नियमाप्रमाणे खालचा भाग छटेच्या दोन पायऱ्या दूर आणि वरचा एक, पण तसं केलं की एकच जिना दोन वेगळ्या वस्तूंसारखा दिसतो. तीन पर्याय काढलेत: एकात छटा मध्येच तुटते, दुसऱ्यात डिदरिंगने उतरत जाते, तिसऱ्यात जिना सगळा उजळ ठेवून मोडलेल्या जागी कठड्याचा एक तुकडा आडवा पाडलाय. माझा कल तिसऱ्याकडे आहे. शनिवारी हा खेळ कधीच न पाहिलेल्या तिघांना बसवणार आहे, आणि मागे गप्प उभी राहणार आहे.