तुम्ही विचारलेत म्हणून: एका पोफळीपुढे अर्धा तास

गुहागरच्या आगरांमधून मी निसर्गफेरी नेतो आणि फेरी ठरली की एक प्रश्न हमखास येतो: पक्षी, फुलपाखरे, समुद्र असे सगळे हाताशी असताना तुम्ही नवख्या माणसांना पोफळीच्या खोडापुढे अर्धा तास का उभे करता?

पोफळीचे खोड लांबून पाहिले तर त्यावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढुरके डाग दिसतात आणि बहुतेकांना तो सालीचाच रंग वाटतो. भिंग डोळ्याला लावून, नाक खोडाला टेकेल इतके जवळ गेल्यावर मात्र त्या डागावर काळ्या, वेड्यावाकड्या, मध्येच फाटे फुटलेल्या रेघा दिसू लागतात. कोणी बोरूने मोडी लिहावी तशा. हे ग्राफिस नावाचे शैवाक (लायकेन), म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे एकत्र बिऱ्हाड, दगडफुलाचेच भाऊबंद, आणि त्या रेघांमध्ये त्यातल्या बुरशीचे बीजाणू तयार होतात. गळून पडलेल्या एखाद्या तुकड्यावर नखाने हलकेच खरवडले की पांढऱ्याखाली पिवळट-नारिंगी झाक दिसते. पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर आणि माडाच्या बुंध्यावर जो शेंदरी थर चढतो, तो ट्रेंटेपोहलिया या शैवालाचा असतो, आणि ग्राफिसच्या आत राहणारे शैवालही त्याच कुळातले. गंमत म्हणजे ते हिरव्या शैवालांतच मोडते. केवळ अंगातल्या कॅरोटिनमुळे नारिंगी दिसते. कोकणातल्या माणसाने तो शेंदरी थर जन्मभर पाहिलेला असतो, त्यामुळे बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात हे मला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पूर्वी मी नेमके उलटे करीत असे. पहिल्याच फेरीत मी स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांच्यापासून सुरुवात केली: शैवाक हा एक जीव नसून बुरशी आणि शैवाल यांची जोडी आहे असे त्यांनी 1867 मध्ये मांडले, बुरशीला मालक आणि शैवालाला गुलाम ठरवले आणि त्या काळच्या अनेक जाणकारांचा रोष ओढवून घेतला. पुढे 2016 मध्ये कित्येक शैवाकांच्या सालीत यीस्टसारखी आणखी एक बुरशी सापडली, इथपर्यंत मी पोहोचलो तेव्हा निम्मी मंडळी चहाच्या टपरीकडे सरकली होती. चूक त्यांची नव्हती.

आता आधी पाण्याची बाटली निघते. हापूसच्या खोडावर पानासारखे पसरलेले राखाडी शैवाक असते; त्यावर चार थेंब टाकले की मिनिटाच्या आत ते हिरवे होते, कारण कोरडेपणी अपारदर्शक असलेली वरची साल भिजल्यावर पारदर्शक होते आणि आतले शैवाल दिसू लागते. त्याच वेळी मी डबीतले मसाल्याचे दगडफूल बाहेर काढतो. ते पाहून एक काकू म्हणाल्या, “अहो, हे तर माझ्या गोड्या मसाल्यातलं!” त्यांनी तो करडा तुकडा पाण्यात उलगडला, खालची काळी बाजू पाहिली आणि पुढचा सगळा वेळ खोडे न्याहाळण्यात घालवला. नाव दगडफूल असले तरी ते फूल नव्हे, आणि मसाल्यातले बहुतेक दगडावरचेही नसते. ते झाडांच्या सालीवरून काढतात.

“दगडफूल आहे म्हणजे आमची हवा स्वच्छ, नाही का?” असेही कोणीतरी विचारतेच. इतके सरळ गणित नाही. गंधकाच्या धुराने पुष्कळ शैवाके मरतात हे खरे, पण काही जाती शहरातही तग धरतात; म्हणून नुसते शैवाक आहे एवढ्यावरून काही ठरत नाही, कोणते आहे ते पाहावे लागते.

बागायतदारांचा प्रश्न वेगळा असतो: हा रोग ना, मग औषध मारू का? शैवाकाला मुळे नसतात, ते झाडाचा रस शोषत नाही. सालीवर नुसते बसते आणि पाऊस, दव व हवेतून येणाऱ्या द्रव्यांवर जगते. मरतुकड्या झाडावर ते जास्त दिसते याचे कारण असे की पालवी विरळ झाली की खोडावर ऊन पोहोचते आणि त्याचे फावते. अशा वेळी मी त्यांना खोड घासायला नव्हे, मुळाशी काय बिघडले आहे ते पाहायला सांगतो.