तुम्ही विचारलंत म्हणून: अंग निवल्याशिवाय झोप कशी येणार?

"दिवसभर थकतो, तरी रात्री एक-दीडपर्यंत डोळा लागत नाही. ध्यान करू की गोळी घेऊ?" उन्हाळा लागला की सोलापुरात हा प्रश्न हमखास येतो. आधी छताकडे बघा म्हटलं की विचारणारा जरा हिरमुसतो.

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं. रात्रभरात ते साधारण 1 अंशाने खाली येतं. ही उष्णता बरीचशी तळहात-तळपायांतून बाहेर पडते. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतो. मग वरच्या खोलीत मन कितीही शांत केलं तरी अंग काही निवत नाही. गच्चीवर पाणी मारायचंच तर ऊन उतरल्यावर मारा. पण नळाला रोज पाणी नसलेल्या गावात चुन्याचे दोन हात बरे. त्याआधी गच्ची धुऊन घ्या, धुळीवर लावलेल्या चुन्याचे लगेच पोपडे निघतात.

आता अंघोळ. झोपण्याआधी तास-दीड तास, कोमट पाण्याने, दहा मिनिटं. गार पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते; कोमट पाण्याने त्या मोकळ्या होतात. अंघोळ करून लगेच आडवं झालं तर निवायला वेळच मिळत नाही. गीझर लावू नका, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी संध्याकाळी आपसूक कोमट असतं, कधी तर चटका देण्याइतकं. अंघोळ जमणार नसेल तर घोट्यापर्यंत पाय बादलीत बुडवून तेवढाच वेळ बसा. मधुमेह असेल तर पाणी कोपराने तपासा, कारण बधिर पायांना चटका कळत नाही.

कूलर लावून दारं-खिडक्या घट्ट बंद करणं ही घरोघरची चूक. खोलीत दमटपणा साठतो, घाम वाळत नाही, अंग चिकट होतं. कूलर खिडकीत ठेवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी राहू द्या. पाऊस पडून हवा दमट झाली की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. फोमची गादी पाठीखाली उष्णता धरून ठेवते. त्यापेक्षा चटईवर आपली जाड सोलापुरी चादर अंथरा, ती घाम टिपते.

एवढं झालं की श्वासाकडे वळा. पोटावर हात ठेवून नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं पाच मिनिटं. चक्कर आली तर तुम्ही छाती फुगवून जोर लावताय. श्वास लांब हवा, मोठा नको.

चहा चारनंतर नको. दुपारची वामकुक्षी वीस मिनिटांची ठेवा, तासभर झोपलात तर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप लांबते. कडक भाकरी-शेंगाचटणी झोपण्याआधी दोन तास तरी आटोपा, नाहीतर आडवं होताच छातीत जळजळ. घोरताना श्वास अडकत असेल तर मात्र डॉक्टरांकडेच जा.

आणि वीसेक मिनिटं कूस बदलूनही झोप आली नाही तर उठून गच्चीवर बसा, मोबाईल खालीच राहू द्या. डोळे जडावले की परत या. सकाळी मात्र रोजच्याच वेळी उठा. लोळत राहिलात तर पुढच्या रात्री पुन्हा दीड वाजतो.