उलटा ब्रॅकेट

मी मेकॅनिकलच्या मुलांचा डिझाइन प्रोजेक्ट घेतो. गेल्या सत्रात दोन देशांतल्या विद्यापीठांची मुलं मिळून छोटा रोबॉटिक हात बनवत होती. ड्रॉइंग आमच्या मुलांचं, घडवायचं काम तिकडच्यांचं. रिव्ह्यूच्या दिवशी तिकडच्या एका मुलीने मोटरचा यू-आकाराचा ब्रॅकेट कॅमेऱ्यासमोर धरला आणि आमच्याकडे कुजबुज सुरू झाली. वायरीची खाच डाव्या भिंतीत हवी होती, ती उजव्या भिंतीत होती.

"कॅमेरा उलटं दाखवत असेल," आमच्यातला एक म्हणाला. तिने ब्रॅकेटवर कोरलेला पार्ट नंबर पुढे केला. आकडे सरळ वाचता येत होते!

मग ड्रॉइंग उघडलं. वस्तूची दृश्यं कागदावर मांडायच्या दोन पद्धती आहेत. आमची फर्स्ट अँगल, म्हणजे डावीकडून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या उजवीकडे. तिकडच्या विद्यापीठात थर्ड अँगल चालतं. उजवीकडे काढलेलं दृश्य उजव्या बाजूचंच. दोघंही आपापल्या जागी बरोबर. समोरच्या दृश्यात लपलेल्या रेषा, म्हणजे आड गेलेल्या कडा दाखवणाऱ्या तुटक रेषा, असत्या तरी घोळ लक्षात आला असता, पण त्या गाळलेल्या. आणि कोपऱ्यात पद्धत सांगणारं छाटलेल्या शंकूचं चिन्हही नव्हतं. परीक्षेत ते प्रत्येकाने काढलंय. पण सगळा वर्गच फर्स्ट अँगलवाला असेल, तर त्याची आठवण कुणाला कशाला होईल?

दुपारी क्रेडिटची, म्हणजे अभ्यासाच्या श्रेयांकांची, बैठक झाली, तिथेही तोच प्रकार. त्यांच्या युरोपीय पद्धतीत वर्षाला 60 क्रेडिट, एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे एकूण 25 ते 30 तास, घरचा अभ्यास धरून. आमच्याकडे वेळापत्रकातले तास मोजतात. ब्रॅकेट पुन्हा करण्यात मुलांच्या रात्री जाणार होत्या. त्या त्यांच्या हिशेबात बसत होत्या, आमच्या हिशेबात नाही. यावर तोडगा निघाला नाही, चहा मात्र झाला.

विभागाच्या मूल्यांकनाच्या फाइलचं काम माझ्याकडेच आहे. 1989 च्या वॉशिंग्टन करारातल्या वेगवेगळ्या देशांच्या मान्यता संस्था एकमेकींनी मान्य केलेल्या अभियांत्रिकी पदव्या तुल्य धरतात, आणि पदवीधराला वेगवेगळ्या लोकांच्या गटात काम करता यावं ही त्यातली एक अपेक्षा. पुराव्याच्या रकान्यात एरवी आम्ही परदेशी पाहुण्यांच्या व्याख्यानाची हजेरी लावतो, बसून ऐकलेल्या मुलांची. यंदा मी दोन्ही ब्रॅकेटचे फोटो आणि चिन्ह घातलेलं सुधारित ड्रॉइंग लावलं. विभागप्रमुखांनी फाइल चाळली आणि विचारलं, "सामंजस्य करारावर सह्या करतानाचा फोटो नाही का?"